विश्लेषण : ‘योना’ ऐकायला देशाने ८० वर्षे वाट पाहिली... कोण होते एस्टोनियाचे रुडॉल्फ टोबियास?

युरो येण्यापूर्वी एस्टोनिया या छोट्या बाल्टिक देशात क्रून हे चलन होते. १९९४ मध्ये तिथे ५० क्रूनची नोट निघाली, तेव्हा तिच्यावर राजा, सेनापती किंवा राष्ट्राध्यक्ष नव्हता. होता तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवत मोठा झालेला एक संगीतकार. शेजारी ऑर्गनचे चित्र आणि मागच्या बाजूला राजधानी टॅलिनमधल्या ‘एस्टोनिया’ नाट्यगृहाची इमारत. या संगीतकाराचे नाव रुडॉल्फ टोबियास. देशातली पहिली वाद्यवृंद रचना, पहिला पियानो कॉन्चेर्टो, पहिली स्ट्रिंग क्वार्टेट अशा बऱ्याच ‘पहिल्या’ गोष्टी त्यांच्या नावावर आहेत. पण ज्या एका रचनेवर त्यांनी सगळे पणाला लावले, ती त्यांच्या हयातीत धडपणे ऐकलीच गेली नाही. ती मायदेशात उभी राहायला १९८९ साल उजाडावे लागले. हे असे का झाले?

ऑर्गन आणि शाळा एकाच घरात...

टोबियास यांचा जन्म २९ मे १८७३ रोजी हीयुमा बेटावरच्या केइना परगण्यातल्या सेल्या गावी झाला. त्या वेळी एस्टोनिया नावाचा देश नकाशावर नव्हता. राज्य रशियाच्या झारचे, जमिनी आणि गढ्या जर्मन सरदारांच्या, आणि शेतात राबणारी माणसे एस्टोनियन. शिकलेला माणूस म्हणजे जर्मन बोलणारा माणूस, असे समीकरण होते. वेठबिगारी कायद्याने संपून जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या.

अशा समाजात खेड्यातल्या मुलाला संगीत भेटायचे ते लुथेरन चर्चमध्ये. तिथे ‘क्योस्टर’ नावाचे एक पद असे. आपल्याकडे याला नेमका शब्द नाही. पाद्र्याच्या हाताखालचा हा माणूस रविवारी ऑर्गन वाजवायचा, लोकांना उपासनागीते शिकवायचा, बऱ्याचदा पोरांना लिहायला-वाचायलाही तोच शिकवायचा. रुडॉल्फ यांचे वडील योहानेस टोबियास क्योस्टरच होते. त्यामुळे घरात वाद्य होते, स्वरलिपी होती आणि घरातली मोठी माणसे संगीताकडे काम म्हणून पाहत होती. रुडॉल्फ यांनी नवव्या वर्षीच रचना करण्याचे प्रयत्न सुरू केले, त्यामागे हे घर आहे.

आणखी एक संदर्भ महत्त्वाचा. रुडॉल्फ यांच्या जन्माच्या चार वर्षे आधी, १८६९ मध्ये, टार्टू शहरात पहिला एस्टोनियन गीतमहोत्सव भरला होता. गावोगावचे आठशेहून अधिक गायक आणि वादक तिथे जमले. एस्टोनियन माणूस एकत्र येऊन काही मोठे उभे करू शकतो, हे त्या समाजाला प्रथम दिसले ते गाण्यातून. संगीताला त्या देशात पुढे जे राजकीय वजन आले, त्याची सुरुवात इथे आहे.

शिक्षणासाठी रुडॉल्फ हाप्सालू या किनाऱ्यावरच्या गावात आले. कुटुंब पुढे मुख्य भूमीवरच्या कुल्लामा गावी गेले. वडिलांना तिथल्या चर्चमध्ये काम मिळाले होते. कुल्लामाचा ऑर्गन गुस्ताव नॉर्मान या नामांकित कारागिराने १८५४ मध्ये बांधलेला. खेड्याच्या मानाने तो चांगलाच मोठा होता. टॅलिनमध्ये कॅथेड्रलचे ऑर्गनवादक एर्न्स्ट रायनिके यांच्याकडेही रुडॉल्फ शिकले. पुढची पायरी एकच होती, सेंट पीटर्सबर्ग.

रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा एस्टोनियन शिष्य

१८९३ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी टोबियास सेंट पीटर्सबर्गच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाले. ऑर्गन शिकवायला लुई होमिलियस होते आणि रचना शिकवायला निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह. ‘शेहेराजादे’ लिहिणारे तेच. वाद्यवृंदात कोणते वाद्य कुठे आणि कसे वापरायचे, या विषयात त्या काळी त्यांच्या तोडीचा शिक्षक युरोपात शोधून सापडला नसता.

टोबियास यांच्या आधी या महाविद्यालयात एस्टोनियन विद्यार्थी येऊन गेले होते. योहानेस काप्पेल १८८१ मध्ये आणि मीना हार्मा १८९० मध्ये तिथून बाहेर पडल्या होत्या, पण ऑर्गनवादक म्हणून. रचना हा विषय घेऊन पदवी मिळवणारे पहिले एस्टोनियन म्हणजे टोबियास. हा फरक कागदावर किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात ऑर्गनवादकाला चर्चमध्ये नोकरी ठरलेली होती, आणि एस्टोनियन रचनाकाराला काम देणारी एकही संस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती. पुरेसा मोठा वाद्यवृंद नव्हता, सभागृह नव्हते, तिकीट काढून सिम्फनी ऐकणारा एस्टोनियन श्रोता तयार व्हायचा होता. टोबियास यांनी ज्या व्यवसायाची पदवी घेतली, तो व्यवसायच त्यांच्या गावी नव्हता.

तरीही या चार-पाच वर्षांतले काम थक्क करणारे आहे. १८९६ मध्ये ‘ज्युलियस सीझर’ ही नांदी त्यांनी लिहिली. एस्टोनियन माणसाने पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली ही पहिली रचना. १८९७ मध्ये पियानो कॉन्चेर्टो आला, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यातला संवाद. त्याच वर्षी ‘दमास्कसचा योहान’ हे गायन-वाद्यवृंदाचे काम सादर करून त्यांनी पदवी घेतली. १८९९ आणि १९०२ मध्ये चार तंतुवाद्यांसाठीच्या दोन स्ट्रिंग क्वार्टेट झाल्या.

एकाच चर्चमधले दोन चेहरे

पदवीनंतर टोबियास १८९८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्याच एस्टोनियन लोकांच्या चर्चमध्ये, यानी किरिकमध्ये, ऑर्गनवादक आणि गायकवृंदाचे संचालक झाले. १९०४ पर्यंत ते तिथे होते. कामाच्या शोधात राजधानीत आलेल्या एस्टोनियन लोकांचे हे चर्च. तिथले पाद्री होते याकोब हुर्ट. लोकगीते, कहाण्या, म्हणी गावोगावच्या माणसांकडून लिहून मागवण्याची मोहीम याच हुर्ट यांनी चालवली आणि एक लाखाहून अधिक पानांचा संग्रह उभा केला. १९०१ पर्यंत पाद्री आणि ऑर्गनवादक एकाच छताखाली काम करत होते. पुढे हुर्ट यांचा चेहरा १० क्रूनच्या नोटेवर आला आणि टोबियास यांचा ५० क्रूनच्या. एकाच चर्चमधले पाद्री आणि ऑर्गनवादक दोघेही नोटेवर, असे उदाहरण दुसरीकडे शोधावेच लागेल.

ऑर्गनवादकाचे काम नेमके काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, तो गाण्याला साथ करतो. पण लुथेरन परंपरेत उपासनागीत सुरू होण्याआधी ऑर्गनवर त्या गीताची छोटी प्रस्तावना वाजवतात. मूळ चाल ओळखू यावी, पण तिच्याभोवती दुसऱ्या-तिसऱ्या सुरावटी विणलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. आपल्या रागसंगीतात एका वेळी एक सुरावट पुढे जाते आणि बाकीचे तिला आधार देतात. इथे तीन-चार सुरावटी एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक स्वतंत्रपणे ऐकली तरी अर्थपूर्ण लागते. एका आवाजाने सुरू केलेली ओळ थोड्या अंतराने दुसऱ्याने, मग तिसऱ्याने उचलायची, पहिल्याने तोवर पुढे निघून जायचे, आणि तरी कुठेही आदळाआदळ होता कामा नये. याचे सर्वांत कडक रूप म्हणजे फ्यूग. बाख हे या प्रकाराचे शिखर. टोबियास यांचे आदर्शही तेच. ऑर्गनसाठी अशा अनेक प्रस्तावना आणि फ्यूग त्यांनी लिहिल्या. पुढे दोन-दोन गायकवृंद आणि मोठा वाद्यवृंद हाताशी आला, तरी त्यांच्या डोक्यातली बांधणी ऑर्गनवादकाचीच राहिली. त्यांचे संगीत काहींना जड वाटते, त्याचे कारणही हेच.

टार्टूमधली चार वर्षे

१९०४ मध्ये ते टार्टूला आले. हे विद्यापीठाचे शहर, एस्टोनियन विचारविश्वाचे केंद्र. इथे त्यांनी शाळांमध्ये संगीत शिकवले, खासगी शिकवण्या घेतल्या, मोठ्या धार्मिक रचनांचे कार्यक्रम बसवले आणि वृत्तपत्रांतून संगीतावर लिहायला सुरुवात केली. एस्टोनियन भाषेत गंभीर संगीतसमीक्षा सुरू करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या फळीत घेतले जाते. लोकगीतांवरून चाली उचलल्या की संगीत ‘राष्ट्रीय’ होते, इतक्या सोप्या हिशेबावर ते समाधानी नव्हते. गावातल्या गायकवृंदाला पेलतील अशी गोड गाणी लिहिणे हा लोकप्रियतेचा सरळ रस्ता होता. टोबियास यांना मात्र एस्टोनियन संगीत युरोपच्या मोठ्या व्यासपीठावर, तिथल्या मापाने उभे राहायला हवे होते.

टार्टूमध्ये ते शक्य नव्हते. हौशी गायक आणि हौशी वादक यांच्या भरवशावर त्यांच्या डोक्यातले काम उभे राहिले नसते. १९०८ च्या सुरुवातीला त्यांनी टार्टू सोडले. पॅरिस, म्युनिक, ड्रेस्डेन, प्राग असा प्रवास करत वर्षअखेरीस ते लाइपझिगला पोहोचले. बाख यांनी आयुष्यातली शेवटची २७ वर्षे जिथे काम केले ते हे शहर. मेंडेल्सोन यांनी जर्मनीतले पहिले संगीत महाविद्यालय काढले तेही इथेच. चर्चसंगीताच्या रचनाकाराला आपले काम जगापुढे ठेवायला याहून मोठी जागा नव्हती, आणि चूक झाली तर ती झाकायला याहून अवघड जागाही नव्हती.

‘योना’ हे प्रकरण काय आहे?

या रचनेचे नाव जर्मनमध्ये ‘देस योना झेंडुंग’, म्हणजे योनाची कामगिरी. प्रकार ऑरेटोरिओ. ऑरेटोरिओमध्ये गोष्ट असते, पात्रे असतात, एकल गायक आणि गायकवृंद असतात, वाद्यवृंद असतो. अभिनय, पोशाख, नेपथ्य मात्र नसते. सगळे उभे राहून गातात आणि नाट्य श्रोत्याच्या कानात घडते.

बायबलमधली योनाची गोष्ट अनेकांना माहीत असेल ती माशामुळे. देव योनाला सांगतो, निनवे शहरात जा आणि तिथल्या लोकांना सावध कर, त्यांची पापे फार झाली आहेत. योना उलट दिशेच्या जहाजात बसून पळतो. समुद्रात वादळ उठते, खलाशी त्याला पाण्यात टाकतात, मोठा मासा त्याला गिळतो. तीन दिवसांनी तो किनाऱ्यावर येतो आणि अखेर निनवेला जातो. शहर त्याचे ऐकते, पश्चात्ताप करते आणि वाचते. यावर योना खूश होण्याऐवजी रागावतो, कारण त्याने सांगितलेला नाश झालाच नाही. बायबलमधल्या संदेष्ट्यांत इतका नाखूश, इतका माणसासारखा संदेष्टा दुसरा नाही.

टोबियास यांनी ही गोष्ट सरळ रेषेत सांगितली नाही. बायबलच्या जुन्या आणि नव्या करारातले इतर उतारे त्यांनी तिच्यात गुंफले. त्यामुळे निनवे हे एक प्राचीन शहर न राहता विनाशाच्या तोंडावर उभा असलेला कुठलाही समाज होतो. मांडणी अवाढव्य आहे. पाच एकल गायक, मोठा मिश्र गायकवृंद, मुलांचा गायकवृंद, पूर्ण वाद्यवृंद आणि ऑर्गन. कालावधी दोन तासांच्या आसपास. जर्मन ऑरेटोरिओची सगळी परंपरा आपण आत्मसात केली आहे, हे एका बेटावरच्या क्योस्टरच्या मुलाला या एका कामात दाखवून द्यायचे होते.

२६ नोव्हेंबर १९०९ : काय चुकले?

त्या दिवशी लाइपझिगच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये, म्हणजे आंद्रेआसकिर्षमध्ये, टोबियास यांच्याच संचालनाखाली ‘योना’ प्रथम सादर झाले. कार्यक्रम फसला. कारण संगीताच्या दर्जात नव्हते. तयारीच अपुरी होती.

हे समजून घ्यायला अशा कामाची यंत्रणा पाहायला हवी. रचनाकार एक मुख्य प्रत लिहितो, तिला स्कोअर म्हणतात. तिच्यात वरपासून खालपर्यंत सगळी वाद्ये आणि सगळे आवाज एकाखाली एक मांडलेले असतात. संचालकासमोर ही प्रत असते. वादकासमोर मात्र फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते. म्हणजे दोन तासांच्या स्कोअरमधून बासरीची ओळ वेगळी, व्हायोलिनची वेगळी, ट्रम्पेटची वेगळी, अशा कित्येक प्रती काढाव्या लागतात. १९०९ मध्ये हस्तलिखित रचनेसाठी हे काम हातानेच व्हायचे. एका प्रतीत चार विरामांऐवजी तीन लिहिले गेले की तो वादक तिथून पुढे सगळ्यांच्या आधी वाजवत राहणार. अशा चुका सापडतात त्या फक्त तालमीत. छापील, शंभर वेळा वाजलेल्या रचनेत त्या आधीच कुणीतरी काढून टाकलेल्या असतात. नव्या रचनेला ती चैन नसते. शिवाय ‘योना’सारख्या कामात मुलांचा गायकवृंद, मोठ्यांचा गायकवृंद, एकल गायक, वाद्यवृंद आणि ऑर्गन आधी स्वतंत्रपणे बसवायचे आणि मग एकत्र आणायचे. एकत्र तालमींसाठी पैसे लागतात, कारण वादक तासांवर काम करतात. लाइपझिगमध्ये टोबियास परके होते, त्यांच्यामागे संस्था नव्हती, धनिक आश्रयदाता नव्हता. आणि तुकड्या-तुकड्यांनी समजू शकेल असे हे संगीतही नव्हते, त्याची सगळी ताकद पाच-सहा थर एका वेळी नीट ऐकू येण्यात आहे. थर सरकले की उरतो फक्त गोंगाट.

नव्या रचनेचा पहिला कार्यक्रम पडला, की दुसरा कार्यक्रम कुणी सहसा ठेवत नाही. ‘योना’चे तेच झाले.

बर्लिन, युद्ध आणि मृत्यू

१९१० मध्ये टोबियास बर्लिनला स्थायिक झाले. तिथल्या शाही संगीत महाविद्यालयात ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ या ऑपेराचे रचनाकार एंगेलबर्ट हुम्परडिंक शिकवत. त्यांच्या जागी काम पाहण्यासाठी टोबियास यांना बोलावले गेले आणि १९१२ पासून ते तिथे संगीतशास्त्र शिकवू लागले. जर्मन नियतकालिकांत ते लेखनही करत. ज्या जर्मन संस्कृतीपुढे एस्टोनियन माणसाला सदैव शिकाऊ मानले गेले, तिच्या राजधानीत तो आता शिक्षक होता.

याच काळात ते एस्टोनियन विषयाकडे वळले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘कालेविपोएग’ हे एस्टोनियाचे राष्ट्रीय महाकाव्य. त्याच्या कथांवर त्यांनी गायन, निवेदन आणि वाद्यवृंदाच्या रचना केल्या. घरापासून दूर गेल्यावर घरची गोष्ट हाताशी येते, तसे काहीसे.

१९१३ मध्ये टॅलिनमध्ये ‘एस्टोनिया’ नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. लोकांनी वर्गणी काढून बांधलेली ही वास्तू. उद्घाटनाच्या सोहळ्यात टोबियास यांनी आपल्या रचनांचे संचालन केले. पुढे नोटेच्या मागच्या बाजूला आली ती हीच इमारत. मायदेशाची ही त्यांची शेवटची भेट ठरली.

१९१४ मध्ये त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतले. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन सैन्याने त्यांना दुभाषी म्हणून भरती करून घेतले. रशियन, जर्मन, एस्टोनियन या तिन्ही भाषा येणारा माणूस सैन्याला हवाच होता. जन्मभूमी रशियाच्या साम्राज्यात आणि अंगावर जर्मन गणवेश, अशी ही परिस्थिती. तब्येत ढासळल्यामुळे १९१६ मध्ये त्यांना सोडण्यात आले. २९ ऑक्टोबर १९१८ रोजी बर्लिनमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ४५. विल्मर्सडॉर्फच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

तारखा पाहिल्या तर वेळ किती वाईट होती ते कळते. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केले, पण दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा टॅलिनमध्ये शिरल्या. युद्ध थांबले ११ नोव्हेंबरला, टोबियास गेल्यानंतर १३ दिवसांनी. रचनाकारांना काम देणारी संगीत महाविद्यालये, वाद्यवृंद, संस्था एस्टोनियात उभ्या राहिल्या त्या यानंतरच्या दोन दशकांत. टोबियास यांच्यासारखेच रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्याकडे शिकलेले आर्टुर काप्प त्या पिढीचे गुरू झाले. १९२९ मध्ये हाप्सालूत टोबियास यांचा पुतळा उभा राहिला. ‘योना’ मात्र कागदावरच होते.

मग ८० वर्षे का लागली?

स्वतंत्र एस्टोनियाला २२ वर्षे मिळाली. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, १९४१ मध्ये जर्मन. त्याच वर्षी केइनाचे मध्ययुगीन चर्च, टोबियास यांच्या जन्मगावाच्या परगण्याचे चर्च, बॉम्बहल्ल्यात जळाले. आजही तिथे नुसत्या भिंती आहेत. १९४४ नंतर सोव्हिएत राजवट कायम झाली.

सोव्हिएत काळात टोबियास यांचे नाव पुसले गेले नाही. पहिला व्यावसायिक रचनाकार म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांना जागा होती. क्वार्टेट वाजत, नांदी वाजे. अडचण होती ती धार्मिक शब्दांची. ती किती गंभीर असू शकते, याचे उदाहरण १९६८ चे. आज जगभर गाजलेले आर्व्हो पार्ट यांचे ‘क्रेडो’ त्या वर्षी नेमे यार्वी यांच्या संचालनाखाली टॅलिनमध्ये सादर झाले. त्यातल्या उघड ख्रिस्ती कबुलीमुळे खळबळ उडाली आणि रचनेवर बंदी आली. यार्वी आणि पार्ट दोघांनीही १९८० मध्ये देश सोडला. ज्या ठिकाणी काही मिनिटांच्या ‘क्रेडो’वरून इतके होते, तिथे दोन तासांचे बायबल कोण बसवणार?

दुसरी अडचण तांत्रिक, आणि तितकीच खरी. बसवायचे म्हटले तरी ‘योना’ची वाजवता येईल अशी पूर्ण, निर्दोष प्रत हाताशी नव्हती. होती ती हस्तलिखिते. फेरफार केलेली पाने, क्रमाचे प्रश्न, एकमेकांशी न जुळणाऱ्या नोंदी. पियानोवादक आणि संगीत-अभ्यासक वार्दो रुमेसेन यांनी हे काम अंगावर घेतले. रुमेसेन हे पुढे देशाच्या संसदेचेही सदस्य झाले. रचनाकाराने शेवटी काय ठरवले होते, हे अशा वेळी पानापानावर शोधावे लागते. शाई, दुरुस्त्या, खोडलेल्या ओळी, त्याच प्रसंगाचा आधीचा मसुदा, सगळे ताडून पाहावे लागते. स्वतःची एकही ओळ घुसवायची नाही आणि तरी वादकांपुढे स्वच्छ प्रत ठेवायची, असे हे संपादन. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण बाख यांचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ही त्यांच्या मृत्यूनंतर ७९ वर्षांनी, १८२९ मध्ये, तरुण मेंडेल्सोन यांनी हट्टाने बसवले म्हणूनच पुन्हा ऐकले गेले.

मे १९८९ मध्ये टॅलिनमध्ये पेटेर लिल्ये यांच्या संचालनाखाली ‘योना’ संपूर्ण सादर झाले. ही वेळही पाहण्यासारखी आहे. आदल्या वर्षी लाखो लोक टॅलिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर जमून बंदी असलेली गाणी गात होते. ‘गाणारी क्रांती’ हे नाव त्यावरूनच पडले. ‘योना’च्या कार्यक्रमानंतर तीन महिन्यांनी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनियातल्या लोकांनी हातात हात घेऊन टॅलिनपासून विल्नियसपर्यंत मानवी साखळी केली. ज्या समाजाला आपले साम्राज्य कोसळते आहे की आपणच चिरडले जाणार आहोत हे अजून कळले नव्हते, त्याने निनवेची गोष्ट त्या मे महिन्यात ऐकली. १९०९ च्या लाइपझिगमध्ये त्या गोष्टीला असे ऐकणारे कान मिळणे अवघड होते.

नोट, कबर आणि ध्वनिमुद्रण

ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. १९९२ मध्ये टोबियास यांचे अवशेष बर्लिनहून आणून कुल्लामाच्या दफनभूमीत ठेवण्यात आले. वडील जिथे ऑर्गन वाजवत, त्याच चर्चच्या गावात. त्याच वर्षी जूनमध्ये रूबल जाऊन क्रून आला आणि दोन वर्षांनी ५० ची नोट. १ जानेवारी २०११ रोजी युरो आल्यावर ती व्यवहारातून गेली.

१९९५ च्या सुमारास ‘योना’चे ध्वनिमुद्रण बीआयएस या स्वीडिश कंपनीने बाजारात आणले. वाद्यवृंद एस्टोनियाचा राष्ट्रीय, सोबत मुलग्यांचा गायकवृंद, आणि संचालक नेमे यार्वी. १९६८ मध्ये ‘क्रेडो’ बसवणारे तेच यार्वी. स्कोअर जगापुढे गेला तो या ध्वनिमुद्रणामुळे.

टोबियास पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने थेट ‘योना’ने सुरुवात न केलेली बरी. पौलाच्या पत्रातल्या वचनावर आधारलेले ‘एक्स टेये टेआ’ हे छोटे गायकवृंदाचे गीत एस्टोनियातल्या चर्चमध्ये आणि कार्यक्रमांत आजही नेहमी ऐकू येते. काही मिनिटांत टोबियास यांची सगळी रीत त्यात सापडते : साधी सुरुवात, एकावर एक चढत जाणारे आवाज आणि शेवटी ऑर्गनसह उघडणारा मोठा नाद. त्यानंतर ‘ज्युलियस सीझर’ नांदी. २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवून. ‘योना’मधला ‘सांक्टुस’ हा भाग मग ऐकावा, आणि तो आवडला तर दोन तास काढून सगळे काम.

‘योना’नंतर टोबियास यांनी दुसरा ऑरेटोरिओ हाती घेतला होता. ‘यार्देनच्या पलीकडे’ असे त्याचे नाव. तो पूर्ण झाला नाही.